देगाचा ‘टब’ आणि किल्लीच्या भोकाची गोष्ट

एक मजकूर बराच फिरतो आहे: एडगर देगा हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार आंघोळ करणाऱ्या बायकांना किल्लीच्या भोकातून चोरून पाहायचा, त्यांना पत्ताही नसायचा, बायकांचा तिरस्कार होता म्हणून त्यांना वेडंवाकडं काढायचा, डोळे अधू झाले म्हणून त्याने पेस्टल, म्हणजे रंगखडू, धरलं. सोबत हटकून ‘टब’ हे १८८६ चं चित्र.

किल्लीच्या भोकाचा विषय मुळात देगानेच काढलेला. आयरिश लेखक जॉर्ज मूरशी बोलताना तो म्हणाला होता की, आजवरची न्यूड, म्हणजे चित्रातली नग्न स्त्री, समोर प्रेक्षक आहे हे धरूनच पोझ देत आली. माझ्या बायका आपल्या शरीराच्या निगेत गुंतलेल्या आहेत, जणू किल्लीच्या भोकातून पाहाव्यात तशा. ही तुलना होती. पुढे ती घडलेली हकिगत म्हणून सांगितली जाऊ लागली.

आता चित्रच नीट पाहा. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते आहे, साधारण ६० बाय ८३ सेंटिमीटर. उथळ गोल टबात एक बाई अंग मुडपून बसली आहे. एक हात टबात टेकलेला, दुसऱ्या हातातला स्पंज मानेशी. उजवीकडे कडेने उभी उतरणारी फळी, तिच्यावर पाण्याचे जग, ब्रश. फळी इतकी वरून दिसते की जग घसरतील असं वाटतं. किल्लीचं भोक असतं कमरेच्या उंचीला. तिथून हा कोन मिळणारच नाही. चित्रकार त्याच खोलीत, तिच्याजवळ उभा आहे.

डोळ्यांचा त्रास खरा होता. पण १८७० च्या दशकातच देगा मोनोटाइपवर (पाटीवर शाईने काढून कागदावर उमटवलेल्या छापावर) पेस्टल चढवून नर्तकी रंगवत होता, त्यामुळे एवढ्या एका कारणावर सगळं ढकलता येत नाही.

तिरस्काराचा अर्थ ह्युइसमान्स या समीक्षकाने १८८९ मध्येच लावला होता. मला तो पटत नाही. या पाठीवरून उजेड ज्या मायेने उतरतो, तो तिरस्काराच्या हाताने उतरत नाही. शिवाय मॉडेलची चित्रकार झालेल्या सुझान व्हालादोनची रेखाचित्रं याच देगाने विकत घेतली, तिला उत्तेजन दिलं.

‘बायकांना पत्ताही नसायचा’ हे मात्र मला फार लागतं. मॉडेल त्याच्या स्टुडिओत पैसे घेऊन पोझ द्यायच्या; टब तिथेच मांडलेला असे. आकृती तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून पुन्हा वापरी, कधी उलटवूनही. टबातल्या बाईचं त्याने मेणाचं शिल्पही केलं. तशा अवघडल्या अंगाने एका हातावर भार देऊन बसून राहणं ही मेहनत होती, आणि चोरून पाहिल्याची गोष्ट तीच पुसून टाकते. त्याच्या उतारवयातली मॉडेल पॉलिन हिच्या आठवणी १९१९ मध्ये छापून आल्या. लांबत जाणाऱ्या पोझ, दुखणारं अंग, म्हाताऱ्याचा संताप, सगळं त्यात आहे. देगाला जाब विचारायचाच असेल तर तो पॉलिनच्या बाजूने विचारावा.