शनिवारची दिवाळी

वाद पेटला तो बंड्याच्या फोनमधल्या फोटोंवरून. त्याची बहीण इंग्लंडात लेस्टरला असते. त्यांची दिवाळी हॉल मिळेल त्या शनिवारी: मुलांची नाटुकली, केटररचा मसालेभात, भरजरी साड्यांवर स्वेटर.

"लक्ष्मीपूजन मंगळवारी आणि दिवाळी शनिवारी? याला गॅदरिंग म्हणतात," मास्तर कडाडले.

"मास्तर, २०२४ साली तुमची लक्ष्मी नक्की कधी आली होती?" डॉक्टरनं काडी टाकली. त्या वर्षी आपल्याकडं पूजन १ नोव्हेंबरला होतं, आणि उत्तरेत बऱ्याच जणांनी ते ३१ ऑक्टोबरलाच उरकलं होतं. देशातच एकमत नाही, मग लेस्टरवाल्यांनी सुटी बघितली तर काय बिघडलं?

मास्तर हटेनात. सण घरात असतो, रस्त्यावर असतो तो देखावा, हा त्यांचा ठेका. मला वाटतं, गोम इथंच आहे. आपली दिवाळी घरात राहू शकते, कारण दाराबाहेर ती आयती असते. वाण्याकडं उटणं, बँकेला सुटी, खालच्या पोरांचा किल्ला. तिथं दाराबाहेर नुसता पाऊस. ते 'बाहेर' त्यांना आधी उभं करावं लागतं.

आणि लेस्टरचा इतिहास तर भारीच आहे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेनं तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती, की आमच्याकडं येऊ नका. तरी हजारो आले, त्यांत गुजराती पुष्कळ. त्याच शहरात पुढं बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई परिषदेच्याच पुढाकारानं व्हायला लागली.

"ज्यांनी येऊ नका म्हटलं, त्यांनाच दिवे लावायला लावले. हा देखावा?" डॉक्टर म्हणाला.

"आणि २०२५ मध्ये गर्दीच्या धास्तीनं आतषबाजी बंद केली, ते? घरातली पणती कोण बंद करतो का?" मास्तरांचा हा मुद्दा बिनतोड होता.

इतका वेळ गप्प असलेला पाजी (नांदेडचा, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ) म्हणाला, "आमचं कधी काढणार?" त्याचा मावसभाऊ लंडनच्या साउथहॉलला. ऑफिसात दिवाळीचा केक कापतात आणि त्यालाच रामाची गोष्ट विचारतात. तो बापडा सांगतोही, आणि संध्याकाळी गुरुद्वारात जाऊन मेणबत्त्या लावतो. त्याच्यासाठी हा बंदी छोड दिवस. शिखांचे गुरु हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या कैदेतून सुटले ते ५२ राजांना घेऊनच. अंगरख्याला ५२ गोंडे, एकेका राजानं एकेक धरलेला.

"आणि आमचं महावीर निर्वाण?" सांगलीचा शेठ. "पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा, की फटाके फोडून किडामुंगी मारायची?"

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला. सुटी मागताना सण एकाच नावानं मागावा लागतो, त्यामुळं हिंदू, शीख, जैन तिघेही दिवाळीत बसतात. पाजी म्हणाला, "सुटी मिळतेय ना? नाव काही का असेना." शेठला हे पटलं नाही. मला दोघंही बरोबर वाटतात.

मग मी कॅरिबियनमधलं त्रिनिदाद काढलं. १८४५ साली 'फतेल रझाक' जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी पहिले मजूर तिथं उतरले. त्यांच्या मागोमाग आलेल्यांतही बहुतेक भोजपुरी मुलखातले. तिथं दिवाळीची सार्वजनिक सुटी १९६६ पासून आहे. बांबू चिरून, वाकवून कमानी करतात, त्यांवर मातीच्या पणत्या, आणि जेवायला ख्रिस्ती-मुसलमान शेजारी. घरात भोजपुरी जवळजवळ उरलेली नाही. पण त्यांच्या दिवाळीला 'परदेशातली दिवाळी' म्हटलं तर ते चिडतील, आणि रास्तच चिडतील. बंड्याच्या बहिणीचं तसं नाही. तिची दिवाळी अजून आईच्या पार्सलवर चालते. चकल्यांचा पार भुगा होऊन पोचतो, आणि मुलं तो वाटीत घेऊन चमच्यानं खातात.

"अजून दोन पिढ्या जाऊ दे," डॉक्टर म्हणाला, "पार्सल बंद होईल, दिवाळी राहील."

"राहील, पण शनिवारी," मास्तर. मग बंड्याकडं वळून, "नरकचतुर्दशीला पहाटे उठतात का रे तुझ्या बहिणीकडं?"

"उठतात की. फक्त पायाखाली चिरडायला कारीट मिळत नाही."

"मग काय चिरडतात?"

"चेरी टोमॅटो."

मास्तरांना पुढचा अर्धा तास आवरता आवरेना.