‘हेडलाइट लागतात म्हणजे बॅटरी ठीक’? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. थोडक्यात मजकूर असा: किल्ली फिरवूनही इंजिन फिरत नसेल तर हेडलाइट लावा, लागले तर बॅटरी ठीक, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) गेला. टक-टक वाजलं तर बॅटरी बदला. आवाजच नाही तर इंजिन जाम. आणि काहीही झालं असलं तरी धक्का मारा, गाडी निघते. पहिल्या तीन सल्ल्यांत पैसे वाया जातात, चौथ्यात इंजिन जाऊ शकतं.

‘हेडलाइट लागले, बॅटरी ठीक.’ दोन हेडलाइट मिळून साधारण 10 अँपिअर घेतात. सेल्फला 100 ते 200 लागतात, डिझेलला त्याहून जास्त. अर्धी उतरलेली बॅटरीही दिवे खुशाल लावते. बघायचं ते किल्ली स्टार्टवर नेताना दिव्याचं काय होतं ते. (बऱ्याच गाड्यांत त्या वेळी हेडलाइट आपोआप बंद होतात, तिथे आतला दिवा बघा.) दिवा एकदम मंदावला तर करंट ओढला जातोय, पण पुरत नाही. जराही हलला नाही, तर करंट सेल्फमधून जातच नाही.

मल्टिमीटर असेल तर अंदाज कशाला? रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. नवी बॅटरी त्यानंतरची गोष्ट.

‘टक-टक म्हणजे बॅटरी बदला.’ सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, लोड येताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. तीच ही टक-टक. बॅटरी उतरली असेलही, पण जुन्या गाडीत टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर किंवा इंजिनची अर्थिंग पट्टी तितकीच संशयित. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीकडे करंट परतायला ही पट्टीच वाट. ती कुजली की नवी बॅटरीही तशीच टक-टक करते.

मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत दोष आहे. निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांत 0.3 पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर एक जंपर केबल निगेटिव्हपासून इंजिनच्या धातूला लावून बघा. सेल्फ फिरला तर दोष सापडला.

एकच जाड ‘टक्’ येऊन शांतता, हे वेगळं. सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. सेल्फवर हलके ठोकल्यावर तो फिरला तर बहुधा कार्बनच. ती दुरुस्ती नव्हे, गॅरेजपर्यंत पोचण्याची सोय.

‘आवाज नाही, इंजिन जाम.’ उलट आहे. जाम इंजिनावर सेल्फ ‘ठक्’ करून अडतो आणि दिवे मंदावतात. पूर्ण शांतता असेल तर सॉलेनॉइडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावा, गाडी न्यूट्रलला ठेवून किल्ली फिरवा. लॅम्प लागला तर दोष सॉलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये. नाही लागला तर मागे जा: फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, क्लचचा स्विच. ऑटोमॅटिक असेल तर आधी ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये किल्ली मारून पाहा.

इंजिन खरंच जाम आहे का, हे हाताने कळतं. निगेटिव्ह काढा, न्यूट्रल, हँडब्रेक. क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या चाकाच्या) बोल्टला लांब दांड्याचा सॉकेट पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे द्या. हललं नाही तर बाहेरचा, अल्टरनेटरचा बेल्ट काढून पुन्हा बघा; अडकलेला अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर हेच नाटक करतो.

‘धक्का मारा.’ टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही. मॅन्युअलमध्ये धोका सिलिंडरमधल्या पाण्याचा: हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलेल्या किंवा पुरातून निघालेल्या गाडीत ते असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. मागून गाडीचं वजन रेटलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. म्हणून पाना लावून दोन फेरे झाल्याशिवाय धक्का नाही. पाना अडला तर स्पार्क प्लग काढा (डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) आणि तोंड बाजूला ठेवून हळू फिरवा. भोकातून पाणी आलं तर सेल्फला हात न लावता आधी हेड गॅस्केट तपासा.