डोंगल, १९९६ चा अंक आणि भाच्याशी भांडण

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांच्या नातीचा फोन आला. ती आता परदेशात असते. आजोबांनी मंडळाच्या १९९६ च्या दिवाळी अंकात लहानपणच्या बडोद्यावर लेख लिहिला होता, तो मिळेल का, असं विचारत होती. मी म्हटलं, न मिळायला काय झालं, मीच तर कंपोझ केलाय तो. १९९२ साली बडोद्याच्या दांडिया बाजारात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पानं लावण्याचं, दुकान टाकलं, तेव्हापासून मंडळाचा अंक माझ्याकडेच असतो.

फोन ठेवला आणि लक्षात आलं, आपण थाप मारून बसलोय.

छापील प्रती मंडळाच्या कपाटात खालच्या खणात होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आत शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला. माझ्याकडच्या फ्लॉपी मी वेळीच सीडीवर, पुढे हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. या बाबतीत मी शिस्तीचा माणूस आहे. फाइल आहे, नाव दिसतं, तारीख दिसते. उघडत तेवढी नाही. ती एका मराठी-गुजराती डीटीपी सॉफ्टवेअरच्या खास फॉरमॅटमध्ये आहे, आणि ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे पॅरलल पोर्टात डोंगल लावावा लागायचा. नव्या पिढीसाठी सांगतो, काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा. तो नसला की प्रोग्राम दारातूनच परत पाठवायचा. साडेआठ हजारांना घेतला होता; दुकानाचं भाडं तेव्हा सहाशे होतं. २००९ मध्ये डोंगल मेला. कंपनीला फोन लावला तर तो नंबर एका टाइल्सच्या दुकानाचा निघाला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती आणि सॉफ्टवेअरही वाईट नव्हतं. 'ऱ्य'साठी त्यांनी वेगळी की दिली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

तर अशा मनःस्थितीत असताना गेल्या रविवारी भाचा आला. पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी शेव-उसळ खायला बाहेर पडलो, तिथे मी त्याला ही रडकथा ऐकवली आणि वर ठणकावून सांगितलं की म्हणूनच जगातलं सगळं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड सगळ्यांना मोकळा, असायला पाहिजे. त्यानं पाव मोडला, तर्रीत बुडवला आणि शांतपणे विचारलं, "मामा, पेजमेकर तुम्ही कधी विकत घेतलं होतं?"

पेजमेकर म्हणजे पानं लावायचं सॉफ्टवेअर. नव्हतं घेतलं. आता लपवण्यात अर्थ नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्मे माझ्या धंद्यातले आहेत. त्या दहा वर्षांत आपल्यापैकी किती जणांकडे पेजमेकर, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांची पावती होती? शंभर रुपयांत सीडी मिळायची, वर मार्करनं नंबर लिहिलेला. सत्यनारायण घालून उघडलेलं दुकान आणि आतलं एकही सॉफ्टवेअर स्वतःचं नाही! पैसे मोजले ते फक्त डोंगलवाल्याला, कारण तिथे हात मारता येत नव्हता. एकच बरं की मराठीसाठी राबणाऱ्या त्या लहान कंपनीच्या पदरात तरी काही पडलं.

पण यात एक गंमत झाली, आणि ती कळायला मला वीस वर्षं लागली. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या हौशी लोकांना खुलं पत्र लिहून चोर ठरवलं होतं. तेच गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना म्हणाले की चोरणारच असतील तर आमचं चोरू देत. एकदा चटक लागली की वसुली कशी करायची ते पुढे बघू. आम्हाला लागली चटक. शंभर रुपयांत फोटोशॉप मिळत असताना त्याच कामाचं ओपन सोर्स गिंप शिकत कोण बसेल? ओपन सोर्सचा स्वस्ताईचा मुद्दा आमच्याकडे चोरीनंच खाऊन टाकला. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनं कायमचा परवाना विकणं बंद करून महिन्याचं भाडं सुरू करायचं जाहीर केलं, तोपर्यंत आमची बोटं त्यांच्या शॉर्टकटना इतकी सरावली होती की भाडं भरण्यावाचून सुटका नव्हती. मी आजही भरतो.

आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे तरी काय होतं? आमच्यासारख्यांना छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या हिशेबातले रंग, लागतात. गिंपमध्ये ते वर्षानुवर्षं धड नव्हतं. गिंप ३ यायला मार्च २०२५ उजाडला. पेजमेकरच्या जागी म्हणून ओपन सोर्स स्क्रायबस वापरून पाहिलं, तर त्यात २०१७ पर्यंत आपल्या लिप्यांची जोडाक्षरंच नीट जुळत नव्हती. लग्नपत्रिकेवर 'लक्ष्मी'चे तुकडे पडलेले बघून गिऱ्हाईक मला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओपन सोर्सवाल्यांनी चार मिनिटं छापखान्यात उभं राहून बघावं, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

मग आता एवढा पुळका का? सांगतो.

१९९९ नंतरचे मंडळाचे अंक मी पेजमेकरमध्ये केले होते, फाँट मात्र त्याच कंपनीचे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्यामुळे त्याही फाइली गेल्यात जमा होत्या. या खटपटीत कळलं की लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पेजमेकरची फाइल उघडते. डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट म्हणून एक गट आहे, २०१४ पासूनचा. मेलेल्या, सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींची अंतर्गत रचना उलगडायची आणि त्या उघडणारा कोड सगळ्यांना मोकळा करून द्यायचा, हे त्यांचं काम. यात त्यांना काय मिळतं देव जाणे. मी २००३ चा अंक उघडला. चित्रं इकडची तिकडे गेली, चौकटी मोडल्या, पण मजकूर आला. सगळा, आणि सगळा इंग्रजी अक्षरांची खिचडी.

ती खिचडी का, हे जरा सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या फाँटमध्ये संगणकाला मराठी कळतच नव्हतं. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे आणि वर आपली चित्रं चिकटवलेली. 'ग'चा गोळा एक की, दांडी दुसरी की. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी टाइप करायची. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच सामायिक क्रमांकनात, ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. 'पर्वत'मध्ये आम्ही आधी 'व' काढायचो आणि मग त्याच्या डोक्यावर रफार ठेवायचो. युनिकोडला 'र' आधी लागतो. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. आणि प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळ्या आकड्यांवर, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये.

हे सगळं उलटं फिरवणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्राम, एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं लिहून ठेवलेली सापडली, कोडसकट. चालवली. नव्वद टक्के मराठी समोर आलं. दहा टक्क्यांत गोंधळ होता. एका प्रवासवर्णनात सह्याद्रीच्या दऱ्यांचा 'दर्या' झाला होता. घाट चढता चढता लेखक समुद्रात पडत होता. मला प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नाही, पण त्या स्क्रिप्टसोबत एक साधा तक्ता होता, डावीकडे जुना आकडा, उजवीकडे युनिकोड. तो फाँट तीस वर्षं माझ्या बोटांत आहे. चौदा ओळी दुरुस्त केल्या आणि त्या मुलाला पाठवून दिल्या. दोन दिवसांत त्यानं त्या घातल्या आणि खाली माझं नाव लिहिलं. मंडळाच्या अंकात मुद्रक म्हणून माझं नाव कित्येकदा आलंय, एवढी मजा कधी आली नव्हती.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, छान आहे मामा, पण त्या मुलाला उद्या नोकरी लागली की त्या स्क्रिप्टकडे बघणार कोण?

इथे तो खरा बोलला. मार्च २०२४ चा एक्सझेड प्रकार त्यानंच मला समजावून सांगितला. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जिकडेतिकडे असणारी ही फाइली लहान करण्याची लायब्ररी, सांभाळणारा मुख्य माणूस एकटा, थकलेला. एक कुणीतरी दोन वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास मिळवतो आणि आत चोरदरवाजा बसवतो. पकडला गेला तो कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो मागे लागला. भाच्यानं मिशीत हसत पुढे घातलं, "आणि फ्रॉइंडचा पगार कोण देतं? मायक्रोसॉफ्ट."

तुम्ही हा मजकूर वाचताय त्यातली जोडाक्षरं बहुधा हार्फबझ नावाचं इंजिन जुळवतंय. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळीकडे तेच आहे. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. (मला आधी पत्तेबाजासारखं काहीतरी वाटलं होतं.) तेही घडवणाऱ्या बेहदाद एस्फहबोद यांना रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा कंपन्यांनीच पोसलं. तेव्हा कंपन्या विरुद्ध ओपन सोर्स असं दोन पैलवानांचं चित्र मी रविवारी दुपारीच पुसून टाकलं. कंपन्या वाईट म्हणून मी भांडत नाहीये.

मी भांडतोय ते किल्लीवरून. आपल्याच गुजरातचं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघानं नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टनं त्यांच्या सेवा थांबवल्या. वाडिनारला एवढी मोठी रिफायनरी चालवणारी कंपनी, पैसे भरलेले, आणि स्वतःची ईमेल बघता येईना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग सेवा सुरू झाली. रिफायनरीवाल्यांना वकील परवडतो. माझ्या साडेआठ हजारांच्या डोंगलसाठी मी कुठल्या कोर्टात जाणार?

भाचा म्हणाला, ओपन सोर्सलाही राजकारण चुकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांपायीच लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. खरं आहे, मला ते आवडलेलंही नाही. पण त्या लोकांच्या संगणकावरचं लिनक्स दुसऱ्या दिवशी बंद पडलं नाही. कोडची प्रत त्यांच्याकडे होती, आजही आहे.

कंपनी बुडाली तरी कुलूप उघडून जाता येतं, याचंही उदाहरण आहे. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी डच कंपनी २००२ मध्ये बंद पडली. टॉन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारलं, किती घेऊन कोड मोकळा कराल? एक लाख युरो ठरले. लोकांनी सात आठवड्यांत वर्गणी जमवली. त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. आमच्या डोंगलवाल्यांना कुणी विचारलं असतं, तर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, पुण्याच्या डीटीपीवाल्यांनी मिळून काही हजार सहज काढले असते. विचारायचं सुचलं नाही, आम्हालाही नाही.

"पण कायम पैसे कोण देणार?" भाच्याचा हा प्रश्न घरी येईपर्यंत संपला नाही. मी त्याला मांडवीच्या बाजूनं मुद्दाम फिरवून आणलं, सेंट्रल लायब्ररी दाखवायला. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि राज्यभर फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावोगावच्या वाचनालयांचा हिशेब असा, की गावानं जेवढी वर्गणी काढली तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. वाचणाऱ्याला फुकट, पण कुणाच्या तरी उपकारावर नाही, तिघांचे हात लागलेले. जर्मन सरकारनं २०२२ पासून ओपन सोर्सच्या देखभालीसाठी सॉव्हरिन टेक फंड काढलाय, त्याचं मोठं कौतुक चालतं. बडोद्यात खेड्यातल्या माणसाला हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी कळत होता. मी स्वतः इतकी वर्षं फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस वापरतो आणि दमडी दिली नव्हती, हे भाच्यानं लक्षात आणून दिलं. या महिन्यात लिब्रेऑफिसला पाचशे रुपये पाठवले. भाड्याच्या सॉफ्टवेअरला महिन्याला याहून जास्त जातात, ते निमूटपणे जातात.

मंडळाच्या पुढच्या सभेत ठराव मांडणार आहे. अंक कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करा, विकत घेऊन करा, पण मजकुराची युनिकोड प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये तीन ठिकाणी ठेवायची. विरोध होईल, कारण आमच्याकडे सभागृहाच्या पंख्यांवरही होतो.

१९९९ ते २००७ चे अंक आता वाचता येतात. ज्यांना हवेत त्यांनी मागावेत. १९९३ ते १९९८ मात्र अजून कुलुपात आहेत, आणि त्या मुलीला मी दुसऱ्यांदा "बघतो" म्हणालोय. बडोद्यातल्या किंवा बडोदे सोडून गेलेल्या कुणाच्या माळ्यावर १९९६ चा दिवाळी अंक असेल तर कळवा, मुखपृष्ठावर लक्ष्मी विलास पॅलेसचं रेखाचित्र आहे. किंवा त्या काळातल्या कुणा डीटीपीवाल्याकडे ड्रॉवरच्या तळाशी हिरव्या रंगाचा डोंगल पडला असेल तर तो फेकू नका. संगणक नको. पेंटियम माझ्याकडे आहे, पॅरलल पोर्टसकट, पलंगाखाली.