एक सवारी!

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनर मंडळींना आपण अजून जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगावं लागतं. मुलगा म्हणतो, "बाबा, आता ते मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं." होत असेल. माझा चेहरा मोबाइलने दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "अहो, जरा हसा तरी, म्हणजे जिवंत वाटाल." तेव्हा मी मुकाट्याने कागद पिशवीत घातले आणि निघालो.

बँक इंदूरच्या राजवाड्याजवळ, आम्ही सुदामानगरात. अंतर पाचेक किलोमीटर. पण बँक बारा-साडेबाराच्या आत गाठायची, कारण त्यानंतर तिथल्या लोकांचा जिवंतपणा कमी होत जातो.

महिनाभरापूर्वीच मी झुरिकला मुलाकडे तीन महिने राहून आलो होतो, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तेच. तिकडे जाण्यापूर्वी मी फुटी कोठीच्या चौकात अर्धा-अर्धा तास सहज उभा राहत असे आणि त्याला वाट पाहणं म्हणत नसे. त्याला चौकात उभं राहणं म्हणत. ओळखीचे दोघे भेटायचे, कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याचं कळायचं, गाडी आली की बसायचं. आता मात्र दर मिनिटाला हात आपोआप मनगटाकडे जातो.

चौकात राजवाड्याची मॅजिक, म्हणजे सवाऱ्या नेणारी छोटी व्हॅन, उभी होती. 'मॅजिक' हे नाव ज्याने ठेवलं त्याने विचार करूनच ठेवलं असावं, कारण कागदोपत्री सात-आठ माणसांच्या त्या डब्यातून बाराजण उतरताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. दाराला लटकलेला पोऱ्या ओरडत होता, "राजवाडा, राजवाडा! एक सवारी, एक सवारी!" मी ती एक सवारी व्हायला धावलो. आत डोकावलो तर तीनच माणसं. इंदूरमध्ये जन्म काढूनही मी दर वेळी या 'एक सवारी'ला फसतो. ती संख्या नसून ललकारी आहे, हे डोक्यात शिरतं पण पायांपर्यंत पोचत नाही.

बसलो आणि घड्याळ पाहिलं. ११ वाजून ०७ मिनिटं. शून्य सात! मला एकदम भरून आलं.

त्याचं असं आहे. मुलगा झुरिकच्या ओर्लिकॉन भागात राहतो. घराजवळून अकरा नंबरची ट्राम जाते. तिच्या थांब्यावर काचेमागे एक कागद आणि त्यावर नुसते आकडे: ०७, १४, २२, २९, ३७, ४४, ५२, ५९. पहिल्या दिवशी मला ते मटक्याच्या ओपन-क्लोजचे वाटले. मुलाने समजावलं की दिवसा ट्राम दर साडेसात मिनिटांनी असते. अर्धं मिनिट कागदावर लिहिता येत नाही, म्हणून एकदा सात आणि एकदा आठ मिनिटं धरून हिशेब जुळवलाय. लेखा विभागात माझी चौतीस वर्षं गेली. अर्ध्या मिनिटाचं एवढं मनाला लावून घेणारी माणसं मी पाहिली नव्हती. मी त्या कागदाचा फोटो काढून आणला. लोक आल्प्सचे फोटो दाखवतात, मी हा दाखवतो. पाहुणे फार वेळ बसत नाहीत.

त्यांच्या रेल्वे स्टेशनवरच्या घड्याळाची तर गंमतच. हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरने १९४४ साली ते केलं. त्याचा लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि बारावर येऊन दीडेक सेकंद चक्क उभा राहतो. मुख्य घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा एक घर पुढे जातो आणि मग हा पुन्हा चालू लागतो. म्हणजे त्या देशात वाट पाहतं ते घड्याळ. गाडी कुणाची पाहत नाही. तीन मिनिटांच्या आत आली तरच तिला वेळेवर म्हणतात.

"चाचा, थोडा सरको." भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई चढल्या. पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या, त्यातली एक माझ्या खांद्यावर विसावली. आम्ही पाच झालो. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. गाडी हातभर पुढे गेली, थांबली आणि तितकीच मागे आली. ही युक्ती जुनी आहे. बाहेरच्याला वाटावं गाडी सुटली आणि त्याने धावत यावं. आतल्याला वाटावं गाडी सुटली आणि त्याने उतरू नये. रडकं पोर निजवायला पाळण्याला झोका द्यावा, तसं दर दोन मिनिटांनी चाललं होतं. एक म्हातारबा तर झोपलेही.

११:१४. हिवाळ्यात इथलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. बसल्या बसल्या वजाबाकी केली, तिकडे ६:४४. कागदावर ४४ आहे! म्हणजे या क्षणी, पहाटेच्या काळोखात, ओर्लिकॉनच्या थांब्यावरून एक ट्राम सुटली होती. मगाशी ११:०७ ला ६:३७, तेव्हाही एक. मी शेजारच्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी मेथीची पिशवी मांडीवर घेतली.

तिकडे हे सगळं आपोआप झालेलं नाही, हे मात्र मुलाने मला बजावून सांगितलंय. १९७३ साली झुरिकच्या लोकांपुढे भुयारी रेल्वेची योजना आली, तर त्यांनी मतदान करून ती पाडली. चार वर्षांनी त्याच लोकांनी ट्राम आणि बसना रस्त्यावर आधी वाट मिळावी म्हणून वीस कोटी फ्रँक मंजूर केले. त्यामुळे ट्राम चौकाजवळ येताना दिसली की सिग्नल तिच्यासाठी हिरवा होतो, आणि मोटारीतला कितीही मोठा साहेब असो, ब्रेकवर पाय ठेवून बसतो. हॉर्न नाही, काच खाली करून आईबहीण नाही.

आमच्याकडेही २०१३ साली एबी रोडच्या मधोमध बससाठी वेगळी वाट राखली होती, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत, अकरा किलोमीटरहून जरा जास्तच. तीतून बस सुळकन जायची, आणि बाजूच्या गर्दीत अडकलेले मोटारवाले तिच्याकडे असे बघायचे, की पंगतीत जिलबीवाला आपलं पान चुकवून पुढे गेलाय. मीही त्या बसमध्ये बसून बाहेरच्यांकडे बघितलंय. फार समाधान असतं त्यात. पण त्या रिकाम्या वाटेवर गाड्यांचा डोळा होताच. २०२५च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ती काढून टाकायला परवानगी दिली. त्या वाटेला मिळालेला सगळ्यात मोठा हिरवा सिग्नल तोच.

आणि त्याच वर्षी, ३१ मे रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला मेट्रो सुरू झाली. गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर सहा किलोमीटरभर, पाच स्टेशनं. पहिला आठवडा फुकट. फुकट म्हटल्यावर इंदूरकर घरी बसतोय होय? आम्ही सहकुटुंब गेलो, बरोबर शेवेचा डबा. सुदामानगरातून स्टेशनपर्यंत जायला रिक्षाला बरेच पैसे पडले. मग एसीत बसून पलीकडच्या टोकाला गेलो, तिथे आम्हाला काही काम नव्हतं, म्हणून तसेच परत आलो. गाडी झकास, वेळेवर, चकचकीत. ही म्हणाली, "छान आहे हो, पण हिने कुठे जायचं?" मी म्हटलं, पुढे वाढणार आहे. तेव्हा मी झुरिकला गेलो नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे धीर होता.

११:२२. सहावा आला. पोऱ्या अजून एकच सवारी मागत होता. मी ड्रायव्हरला विचारलं, "भैया, कितने बजे निकलोगे?" त्याने आरशातून माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, की मला बँकेऐवजी दवाखान्यात सोडावं की काय. "बजे का क्या है, बाबूजी. भर जाए तो निकले." आमच्या गाडीचं घड्याळ सीटवर असतं. नऊ माणसं वाजली की ती सुटते. सहाला कितीही वेळा विचारा, सहाच वाजलेले असतात.

११:२९. हिशेबनीस जागा झाला. तीन सीटा रिकाम्या, सीटला दहा रुपये. तीस रुपयांसाठी सहा माणसांची सकाळ अडली होती. मी खिशातून तीस रुपये काढून पुढे केले. "ये लो तीन सवारी के. अब चलो." गाडीत शांतता पसरली. म्हातारबा जागे झाले. मेथीवाल्या बाईंच्या नजरेत प्रथमच आदर दिसला. ड्रायव्हरने पैसे कपाळाला लावले, गिअर टाकला आणि या खेपेला गाडी मागे आली नाही. वाऱ्याची झुळूक आली. मला वाटलं, एकटा माणूससुद्धा वेळापत्रक चालवू शकतो.

शंभरेक पावलांवर गाडी थांबली. "राजवाडा, राजवाडा! एक सवारी!" दोन कॉलेजची पोरं आणि एक दुधाची बरणीवाला आत घुसले. मी ओरडलो, "अरे, त्या तीन सीटांचे पैसे मी दिलेत!"

ड्रायव्हरने मान वळवली. रागावला नाही, उलट समजूत घालावी तसं म्हणाला, "बाबूजी, आपने निकलने के दिए थे. निकले के नी निकले?"

"सही के रिया है," मेथीवाल्या बाई म्हणाल्या. म्हातारबांनीही मान डोलावली. बरणी माझ्या मांडीवर आली.

महूनाक्याच्या अलीकडे पोऱ्या भाडं गोळा करत माझ्यापाशी आला. "अंकल, दस."

"अरे, आत्ताच तीस दिले ना!"

"वो तो खाली सीटों के थे. आप तो बैठे हो."

मी मनात उभी बेरीज केली, मग आडवी. चौतीस वर्षं लेखा विभागात काढूनही मला त्यात चूक सापडेना. दहाची नोट काढून दिली.