क्रूझरचा पाइप निवडताना कानाआधी इंजिनाला विचारा

नवी क्रूझर (लांब, निवांत प्रवासाची जड मोटारसायकल) घेतली की काही महिन्यांत तिचा पाइप बदलायचा, हे जवळपास ठरलेलंच असतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. कंपनीचा सायलेन्सर आवाज आणि धुराच्या नियमांत बसवलेला असतो, ठरलेल्या खर्चात बनवलेला असतो आणि बऱ्याचदा चांगलाच वजनदार असतो. नीट निवडलेला आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचा, बाजारातून घेतलेला) पाइप गाडीचं काही किलो वजन कमी करतो, इंजिनाचा श्वास मोकळा करतो आणि गाडीचं रूपही खुलवतो. मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे.

मला खटकते ती निवडीची पद्धत. व्हिडिओत आवाज ऐकला, क्रोम डोळ्यांत भरला, दिली ऑर्डर. एक्झॉस्ट पाइप हा कॅमशाफ्टइतकाच (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याइतकाच) इंजिनाचा भाग आहे, आणि तो बदलणं म्हणजे इंजिनाचं काम करणं आहे, हे कोणी समजावूनच सांगत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी आवाजाबद्दल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. क्रूझरचा तो अडखळत चालणारा ठेका पाइपमधून जन्मत नाही. तो क्रँकमधून, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्यातून येतो. हार्ले-डेव्हिडसनच्या पारंपरिक व्ही-ट्विनमध्ये दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात. त्यामुळे एका फायरिंगनंतर (सिलिंडरमधल्या स्फोटानंतर) दुसरं क्रँक ३१५ अंश फिरल्यावर होतं आणि पुढचं ४०५ अंशांवर. एक अंतर लहान, एक मोठं, म्हणून तो ठेका. कंपनीने १९९४ मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता आणि २००० मध्ये तो मागे घेतला. होंडाने १९९५ च्या सुमारास शॅडो ११०० च्या एका मॉडेलमध्ये तसाच ठेका आणण्यासाठी मुद्दाम एका पिनचा क्रँक घातला आणि त्यासाठी थोडी ताकद गेली तरी चालवून घेतली. ट्रायम्फच्या पॅरलल ट्विन (दोन सिलिंडर शेजारी-शेजारी) क्रूझरमध्ये २७० अंशांचा क्रँक मिळतो, त्याचा ताल आणखी वेगळा. सांगायचा मुद्दा हा की पाइप बदलून आवाज मोठा होतो, जाड किंवा पातळ होतो. ताल बदलत नाही. ३६० अंशांच्या क्रँकवर कितीही महागडा पाइप चढवा, त्यातून व्ही-ट्विन बोलणार नाही.

आता ताकदीकडे वळू. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. रिकामा पाइप लावला की खालचा पिकअप जातो, हे निरीक्षण खरं आहे. कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. कोणत्याही फोर-स्ट्रोक इंजिनाला जळलेला वायू बाहेर ढकलताना अडथळा नकोच असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग आणि दाबाच्या लाटांची अचूक वेळ.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपमधून मागे धावते. पाइपच्या मोकळ्या तोंडाशी पोचली की तिचा काही भाग उलटा फिरतो, आणि परतताना ती ओढणारी लाट झालेली असते. एक्झॉस्ट आणि इनटेक (मिश्रण आत घेणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. नेमक्या त्या क्षणी ही ओढ व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. भरधाव आगगाडी निघून गेल्यावर फलाटावरचे कागद तिच्यामागे ओढले जातात, तसंच. पण हे प्रत्येक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जमत नाही. वेळ चुकली की ओढीऐवजी दाब परत येतो आणि जळका वायू पुन्हा सिलिंडरमध्ये, कधीकधी थेट इनटेकपर्यंत ढकलला जातो.

सरळ, आखूड, मोकळ्या ड्रॅग पाइपमध्ये ही उलटी लाट सगळ्यात जोरदार असते. एखाद्या आरपीएमला ती भरभरून देते आणि दुसऱ्या आरपीएमला तितकंच काढून घेते. मोठ्या व्ही-ट्विनच्या डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखांत अशा पाइपांचा खड्डा साधारण २५०० ते ३५०० आरपीएमच्या आसपास दिसतो. क्रूझरवाल्यांनो, तुम्ही दिवसभर कुठे चालवता? तिथेच. टॉप गिअरमध्ये संथ लयीत जाताना, चढावर थ्रॉटल जरासा पिळताना, ओव्हरटेकसाठी गिअर न पाडता जोर मागताना सुई याच पट्ट्यात असते. ड्रॅग पाइप ड्रॅग रेससाठीच जन्माला आले. तिथे थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, आरपीएम वर असतो आणि खेळ काही सेकंदांत संपतो. लांब रस्त्यावर रमतगमत जाणाऱ्या जड गाडीला ते लावणं मला पटत नाही, मग ते दिसायला कितीही देखणे असोत. आणि देखणे असतात, हे मान्य.

म्हणून माझं मत ठाम आहे: पूर्ण सिस्टिम बदलायची असेल तर सरळ टू-इन-टू (दोन सिलिंडरचे दोन वेगळे पाइप) किंवा ड्रॅग निवडण्याआधी दहादा विचार करा, आणि साधी टू-इन-वन (दोन्ही पाइप एकात मिळणारी) आधी बघा. दोन पाइप योग्य लांबीवर एका कलेक्टरमध्ये मिळाले की एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याला ओढायला मदत करतो, लाटांचे चढउतार बोथट होतात आणि मधल्या पट्ट्यातला टॉर्क भरून निघतो. उजवीकडे एकच पाइप दिसतो, जुन्या धाटणीच्या डौलाच्या प्रेमात असलेल्यांना तो आवडत नाही, हे मला कळतं. पण टॉर्कसाठी घेतलेल्या गाडीचा टॉर्कच घालवायचा, हे मला काही केल्या उमगत नाही.

सगळ्यांनी पूर्ण सिस्टिमच घ्यावी असंही नाही. बहुतेकांना स्लिप-ऑन पुरतो. त्यात बेंड पाइप कंपनीचेच राहतात, फक्त मागचा मफलर बदलतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंडमध्ये असेल तर तोही जागेवर राहतो. आवाजाला खोली येते, वजन उतरतं, मिश्रणाची फार उलथापालथ होत नाही. कन्व्हर्टर ‘ताकद खातो’ म्हणून कापून टाकण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करतो, आणि गाडीमागच्या माणसाला तेच श्वासातून घ्यावं लागतं.

इंधनाबाबत एक गैरसमज फार पसरलाय. ‘फ्युएल इंजेक्शन आहे, ते आपोआप जुळवून घेतं.’ अर्धंच खरं. ऑक्सिजन सेन्सर संथ क्रूझिंगमध्ये मिश्रण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल याच्या आसपास धरून ठेवतो. पण थ्रॉटल जोरात उघडला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) बहुतेक गाड्यांत सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आत भरलेल्या मॅपवर, म्हणजे इंधनाच्या तक्त्यावर चालतो. तो मॅप कंपनीच्या पाइपसाठी लिहिलेला असतो. मोकळा पाइप, त्यात मोकळा एअर फिल्टर, आणि मॅप जुनाच, म्हणजे जोर लागतो तेव्हाच गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त). इंजिन तापतं, पिकअपला अडखळतं, थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. पूर्ण सिस्टिमसोबत रीमॅपिंगचा खर्च आधीच धरा. तेवढे पैसे नसतील तर स्लिप-ऑन घ्या. पाइप आज आणि मॅपिंग ‘नंतर बघू’, हा बेत कृपा करून नको.

आता प्रत्यक्ष बसवण्याबद्दल, कारण चांगल्या पाइपचं मातेरं इथेच होतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. हेडजवळच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) पोलादी, वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ते घट्ट धरून बसलेले असतात. नट हलत नसेल तर जोर लावू नका, थोडं पुढे, थोडं मागे करत सोडवा. स्टड तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जातं. ऑक्सिजन सेन्सर काढताना आधी त्याचा कनेक्टर सोडा, नाहीतर सेन्सर फिरवताना वायर पिळून तुटते. नव्या पाइपवरचं सेन्सरचं भोक तुमच्या सेन्सरचंच आहे ना, हे विकत घेण्याआधी बघा. काही गाड्यांत १८ मिमी असतं, काहींत १२. परत लावताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही.

जुना पाइप निघाल्यावर पोर्टमध्ये बोट घालून बघा. काळं, चेपलेलं, कडक झालेलं कडं लागेल. ते जुनं गॅस्केट. काजळीत इतकं मिसळून गेलेलं असतं की पोर्टचाच भाग वाटतं, आणि पुष्कळ जण त्यावरच नवा पाइप ठोकतात. पातळ हुकाने एका कडेला उचलायचं, वळवायचं आणि सावकाश बाहेर काढायचं. मग बसायची जागा पुसून नवं गॅस्केट. ते स्वस्त असतं आणि त्यात कंजुषी करण्यासारखं काहीच नाही.

यानंतरचा नियम एकच: सगळं ढिलं जोडा आणि शेवटी आवळा. एका मित्राकडे मागच्या सिलिंडरचा पाइप लावत होतो. हेडचे नट त्याने आधीच आवळले होते, आणि मागचं ब्रॅकेट भोकापासून बोटभर दूर राहत होतं.

‘‘बोल्ट घातला की ओढून येईल रे जागेवर,’’ तो म्हणाला.

‘‘येईल. पण तो सगळा ताण तुझ्या स्टडवर बसेल. सोड सगळे नट.’’

नट सोडले, क्लॅम्प ढिला केला, पाइप हातानेच जरासा फिरवला, आणि ब्रॅकेट भोकावर येऊन बसलं. ओढाताण काही नाही. आधी हेडचे नट आळीपाळीने थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. मग मधले क्लॅम्प, मग ब्रॅकेट. जबरदस्तीने बसवलेला पाइप आज गप्प राहतो. इंजिनाच्या थरथरीने काही हजार किलोमीटरनंतर ब्रॅकेटला चीर जाते किंवा स्टड मान टाकतो, आणि तेव्हा दोष पाइप बनवणाऱ्याला दिला जातो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी क्रोम स्पिरिटने पुसून कोरडं करा. बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यात क्रोमवर भाजले जातात आणि पुढे जात नाहीत. सुरुवातीला थोडा धूर निघेल, कारखान्यातलं तेल जळतं, घाबरू नका. हेडजवळ टिकटिक ऐकू आली तर गळती आहे. पुन्हा थंड झाल्यावर सगळे नट एकदा तपासा. एकपदरी पाइप हेडजवळ पिवळा-निळा पडणं काही अंशी अटळ आहे. पण अचानक आणि लांबपर्यंत निळा पडला तर पॉलिश शोधण्याआधी मिश्रण आणि गळती तपासा.

शेवटचा विषय मला सगळ्यात जवळचा, आणि यावर काही मित्र माझ्यावर रागावतात. बॅफल, म्हणजे पाइपमधला आवाज दाबणारा भाग, काढू नका. ‘मोठा आवाज जीव वाचवतो’ या वाक्याचा आधार घेतला जातो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, १९८१ मध्ये अहवाल आला. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक धोके चालकाच्या समोर, डाव्या-उजव्या ४५ अंशांच्या आत होते. पाइपचं तोंड मागे असतं. समोरून वळणाऱ्या, काचा बंद असलेल्या गाडीतल्या माणसाला तुमचा आवाज पोचतो तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते. मागच्या आणि शेजारच्या माणसांना मात्र तो पुरता पोचतो. खालच्या पट्टीचा आवाज भिंती-खिडक्यांनी अडत नाही, म्हणून पहाटे तुम्ही निघून गेल्यावरही कुणाच्या तरी घरात तान्हं मूल रडत असतं. दिसायचं असेल तर चांगला हेडलाइट, भडक जॅकेट आणि रस्त्यावरची योग्य जागा हे जास्त कामाचं आहे.

स्वतःच्या कानांचाही विचार करा. डेसिबल सरळ वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामाच्या जागच्या सुरक्षा-आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हेल्मेटमधला वाराच हायवेवर त्याच्या आसपास पोचतो, त्यावर मोकळा पाइप कशाला? इअरप्लग वापरा, आणि वाऱ्याचा गोंगाट कमी झाल्यावर इंजिनाचा खरा ठेका किती स्वच्छ ऐकू येतो ते बघा. बॅफलसकट.

काढलेली कंपनीची सिस्टिम भंगारात देऊ नका. आतून कोरडी करा, बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, कपड्यात गुंडाळा, आणि सगळे नट, क्लॅम्प, हीट शील्डचे स्क्रू एका पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा. तपासणीला, वॉरंटीच्या कामाला किंवा गाडी विकताना तीच लागते, आणि हरवलेला एखादा क्लॅम्प शोधताना फार वेळ जातो.