दापोलीच्या किनाऱ्यावर जाताय? आधी तिथी बघा

समुद्रकाठी मुक्कामाला गेलात की दिवसाचा बेत मोबाईलमधल्या 'टॉप टेन पॉइंट'च्या यादीवरून ठरवू नका, भरती-ओहोटीवरून ठरवा. हे माझं ठाम मत आहे आणि आज जरा सविस्तर लिहिते, कारण दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली आहेत.

दापोलीजवळच्या मुरूडला माझ्या मामीचं घरगुती गेस्ट हाऊस आहे. (जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं. दर सीझनला कुणीतरी तिकडे पोचून फोन करतं.) सुट्टीत मी मदतीला असते, त्यामुळे पाहुण्यांचे बेत कानावर पडतात. शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी दुपारी निघायचं, आणि मधल्या वेळात हर्णै, आंजर्ले, आसूद, पन्हाळेकाजी, दाभोळ, जमलं तर वेळाससुद्धा! वेळास मंडणगड तालुक्यात, पन्हाळेकाजी पार उलट्या दिशेला, रस्ते सगळे वळणांचे. मग लोक भर दुपारी हर्णैला जातात, वाळत घातलेली जाळी बघतात, वासाने नाकाला रुमाल लावतात आणि 'काही खास नाही' म्हणून परत येतात. ऐकून मला खरंच वाईट वाटतं. हर्णै खासच आहे, फक्त ते दुपारी बाराचं नाही.

आता तिथीचं गणित. किनाऱ्यावरच्या घरांतून हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. थोडं पुढेमागे धरायचं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी लांब आत गेलेलं असतं आणि मुरूडपासून कर्द्यापर्यंत ओल्या घट्ट वाळूवरून हवं तेवढं चालता येतं. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी वर चढलेलं असतं. भरतीचा जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात, पण फिरायला वाळू कमीच उरते. पोहायला कधी उतरायचं, मुलांना शिंपले वेचायला कधी न्यायचं, सगळं यातून ठरतं. मामीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतंय, त्यावर ती बोट ठेवून सांगते, "आज दशमी, साडेसातला भरती. उजेड आहे तोवर फिरून या."

हर्णैला जायचं ते दुपारी चारनंतर. होड्या लागायला लागतात, मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात आणि मासळी उतरवायला बैलगाड्या थेट पाण्यात जातात. बैलांच्या पोटाला लाटा लागत असतात, गाडीवान उभ्यानेच कासरा धरून असतो, मागे टोपल्या. किनाऱ्यावर टोपली उतरली की दहा-पंधरा जणांचा घोळका जमतो आणि बोली सुरू. बाहेरच्या माणसाला पहिली पाच मिनिटं काहीच कळत नाही. नुसते आकडे ऐकू येतात, आणि माल कुणाला गेला ते कळायच्या आत पुढची टोपली येते. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडे, म्हाकूल. बर्फाचा चुरा पडत असतो, पायाखाली खवल्यांचा चिखल. कोळणी किती बारकाईने माल पारखतात ते बघा. कल्ला उचलून आतला रंग बघतात, अंगठ्याने मांस दाबतात, मगच भाव बोलतात. मुलांना बाजार म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. फोटो काढा, पण वाटेत उभे राहू नका. त्या लोकांचा दिवसभराचा पैसा त्या तासा-दोन तासांत ठरत असतो.

सुवर्णदुर्गासाठी मात्र सकाळ राखून ठेवा. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यातला हा एक. हर्णैहून होडीने जायचं. होडी जाईल की नाही ते नावाडी पाणी-वारा बघून सांगेल. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. पावसाळ्यात प्रश्नच नाही. दरवाजा लांबून दिसतच नाही, असा तटबंदीच्या आड घेतलाय. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघितल्याशिवाय आत जाऊ नका. आत वस्ती नाही, दुकान नाही, पिण्याचं पाणी बरोबर न्यायचं आणि बाटली परत आणायची.

दुसरी एक सकाळ आसूदच्या केशवराजाच्या देवळाला. वाडीतून खाली उतरायचं, पुलावरून नदी ओलांडायची आणि सुपारीच्या गर्द सावलीतून दगडी पायऱ्या चढायच्या. वाटेत पाटाचं पाणी सोबतीला खळखळत असतं. डोंगराचं पाणी दगडी पाटांनी वाड्यांपर्यंत आणण्याची ही जुनी व्यवस्था बघायलाच खरं तर तिथं जावं. देवळापाशी गोमुखातून बाराही महिने पाणी पडतं. मोबाईलवर गाणी लावून चढणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तेवढं नका करू.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती संध्याकाळचा, वरून खाडीचं मुख आणि सुवर्णदुर्ग दोन्ही दिसतात. पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांना अख्खा अर्धा दिवस द्या किंवा पुढच्या खेपेला ठेवा. आणि मुरूड गावातच चालत फिरून महर्षी कर्व्यांच्या पुतळ्यापाशी थांबा. परीक्षेसाठी हा मुलगा इथून साताऱ्यापर्यंत पायी गेला होता आणि तिथं 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्याला बसू दिलं नाही. मुलांना ही गोष्ट गाडीत सांगण्यापेक्षा त्याच गावात सांगा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. किनाऱ्यावर गाडी घालू नका! कर्दे, मुरूड, लाडघर, सगळीकडे हे चाललंय. गाड्या रुततात, भरती चढते, मग ट्रॅक्टर आणा, दोर बांधा. पण गाडीचं नुकसान हा माझा मुद्दा नाही. याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली, पुढे बाकीची गावंही जोडली गेली. पहाटे उठून किनारा चालणारी, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून कुंपणात नेऊन पुरणारी माणसं गावातलीच आहेत. त्यांनी घरटं शोधायच्या आधी तुमचं चाक त्यावरून गेलं तर? रात्री वाळूवर हेडलाइट आणि डीजे लावलात तर मादी अंडी न घालताच परत फिरते.

पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये या. वेळासला किंवा आंजर्ल्याला गावात घरीच राहा, सकाळी आणि संध्याकाळी कुंपणातल्या घरट्यावरची टोपली उघडतात तेव्हा दोरीच्या बाहेर उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. म्हणून दोन रात्री हाताशी ठेवा.

आणि जेवणाचं. घरगुती गेस्ट हाऊसमध्ये रात्री नऊला 'सुरमई आहे का' असं विचारू नका. दुपारी तीनच्या आत सांगितलंत तर मामा तुमच्याबरोबरच हर्णैला येतात, मासळी तुमच्यासमोर घेतात, आणि घरी आल्यावर तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणासाठी मामी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसते.