भिंती राहिल्या, माणसं?

भेंडी बाजाराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की मुंबईतले मित्र हमखास म्हणतात, ‘सिंगापूरने बघ कसं जपलंय!’ त्यांच्या मनात असतो तो मी राहते त्या सिंगापूरमधला काम्पोंग ग्लाम हा जुना मुस्लिम मोहल्ला. माझी बस रोज तिथूनच जाते, म्हणून हे लिहिते आहे.

१८२२च्या नगररचनेत हा भाग मलय, बुगिस (सुलावेसी बेटावरचे दर्यावर्दी) आणि अरब वस्तीसाठी राखला गेला. आजची सुलतान मशीद १९३२ची. तिच्या सोनेरी घुमटाखाली काळा पट्टा दिसतो. नीट निरखलं तर ती काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत! पैसे देणं ज्यांना शक्य नव्हतं, त्या गरिबांनी बाटल्या दिल्या. मला ती मशीद त्या पट्ट्यासाठीच आवडते.

१९८९मध्ये हा परिसर संवर्धन क्षेत्र झाला. दर्शनी भिंती, लाकडी झडपा, कौलं वाचली. पण सिंगापूरच्या जुन्या मलय सुलतानाचे वंशज १९९९पर्यंत ज्या जुन्या राजवाड्यात राहत होते, तिथून त्यांना हलवलं आणि तिथे वारसा केंद्र झालं. बसरा स्ट्रीटवर पूर्वी हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत उतरायचे. आता कॅफे आणि भेटवस्तूंची दुकानं आहेत. मित्रांना फोटोत दिसतात त्या भिंती.

म्हणून भेंडी बाजार जसाच्या तसा ठेवा, असं मी म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला तिथल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. जीर्ण चाळीत राहणाऱ्याला परदेशातून वारशाचे धडे देणं मला पटत नाही. साडेसोळा एकरांच्या या प्रकल्पात रहिवाशांना त्याच जागी मालकीचं घर मिळणार आहे, आणि ही गोष्ट सिंगापूरपेक्षा मोठी आहे. माझी काळजी त्यापुढची आहे. टॉवरचा महिन्याचा मेंटेनन्स जुन्या भाडेकरूला झेपेल का? गल्लीतल्या गिऱ्हाइकावर जगणारा दुकानदार टॉवरखालच्या दुकानांच्या मजल्यांवर टिकेल का? याच वस्तीच्या नावाचं, भेंडी बाजार हे गायकीचं घराणं आहे. त्यातल्या अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकर शिकल्या. हा मोहल्ला ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

काम्पोंग ग्लाममधल्या अरब स्ट्रीटवर कापडाची काही दुकानं अजून आहेत. परवा एका वृद्ध दुकानदाराने मला बाटिक मोजून दिलं, मीटरपट्टीच्या पुढे चार बोटं जास्तच. मुलगा दुकानात येतो का, असं विचारलं. ‘भाडं बघून तोच नको म्हणाला,’ ते म्हणाले, आणि कापडाची घडी घालू लागले.